आम्ही तिघं

डोंबिवली (पूर्व), ४ मे २०२५

ती. देवरामदादास,
कलावतीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. आपण मावसभावंडं आता ज्या वयात आलोय त्या वयात ओरडून बोलणं शोभत नाही. निदान मला तरी नाही.

३१ मेला मी निवृत्त होतेय. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे, आपल्या पिढीतल्या अर्ध्या जगाची असते तशी. आई म्हणायची मी थंडीत झाले. म्हणजे खरं तर मला अजून सहा महिने शिकवता आलं असतं, पण ते सांगायचं कुणाला!

त्याहून मोठी अडचण घराची आहे. आमची इमारत पाडणार हे तुला ठाऊक आहेच. नवी उभी राहीपर्यंत तीन-चार वर्षं ताटकळायची माझी तयारी नव्हती, म्हणून माझी खोली मी बिल्डरला विकून मोकळी झाले. ३० जूनच्या आत बाहेर पडायचंय. हे गेल्यापासून आठ वर्षं मी इथे एकटी राहिले, पण कुठे राहावं हा प्रश्न कधी पडला नव्हता. शाळा होती, शाळेजवळ घर होतं, संपलं. आता शाळाच नाही, तर घर कशाच्या जवळ घ्यायचं?

विनीतने ठाण्याला ये म्हणून सांगितलं होतं, आणि माझं मन तयारही झालं होतं. पण परवा सूनबाईचं कार्ड आलं. स्वीडलने स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

"आई, हॅप्पी रिटायरमेंट. डोंबिवलीच्या घराचं टेन्शन घेऊ नका. आम्ही तिघं मस्त राहू. आमचं घर मोठं आहे. तुम्ही या."

दादा, आम्ही तिघं! दोघं तर विनीत आणि ती. तिसऱ्या तिच्या आई, डॉरिसबाई. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मार्चमध्ये उत्तनहून आल्या होत्या, त्या तिथेच राहिलेल्या दिसतात. राहू देत की, बाई चांगली आहे. पण मग मी कोण? "आमचं" घर मोठं आहे, "तुम्ही" या. पाहुण्याला म्हणतात ना, जागा आहे, संकोच करू नका!

विनीतला विचारलं नाही. विचारणं म्हणजे मागणं झालं. तूच सांग, काय करू?

तुझी,
कलावती

*

मोहने, ९ मे २०२५

चि. कलावतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं रक्त तापलं!

तू विचारतेस, मी कोण? अगं, चौतीस वर्षं पालिकेच्या शाळेत ज्या बाईने गळक्या छपराखाली पोरांना मराठी शिकवली, जिच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे वकील, कुठे नर्स, कुठे रिक्षाचालक आहेत आणि सगळी शुद्ध अर्ज लिहितात, ती बाई कोण हे तिला सुनेच्या कार्डावरून ठरवायचंय? निवृत्त माणूस म्हणजे सामान नव्हे, की ज्याच्या गाडीत जागा त्याने उचलून न्यावं. आपल्याकडे एक भयंकर गोड रीत आहे. माणूस कमावता असेपर्यंत त्याला विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" आणि त्याने शेवटची सही केली की दुसऱ्या दिवसापासून विचारतात, "तुमची सोय कुठे करायची?" सोय! हा शब्द मला फाशीच्या हुकमासारखा वाटतो. सोय गुरांची करतात, वऱ्हाडाची करतात. माणूस राहतो, कलावती. स्वतःच्या दारामागे राहतो.

आमची रेयॉनची कंपनी बंद पडली तेव्हा गेटवर उभं राहून मी हेच बोललो होतो. तेव्हा चार हजार माणसं ऐकत होती. त्यातली किती माणसं आज मुलांच्या हॉलमधल्या दिवाणावर निजतात, हे मी रोज बघतो. टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना झोपता येत नाही. पंढरी आठवतो? माझ्याबरोबर खात्यात होता. आता नालासोपाऱ्याला लेकाकडे आहे. चहा हवा असला की उठून उभा राहतो आणि कुणी बघतंय का याची वाट पाहतो. संपात पोलिसांच्या गाडीपुढे आडवा झालेला माणूस!

तू टिटवाळ्याला ये. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक तयार घर आहे. पहिला मजला, एक खोली, हॉल, स्वयंपाकघर आणि मागे मोकळं माळरान. मालक राकेश म्हणून आहे, सरळ माणूस. माझ्या मोहन्यापासून ते अर्ध्या तासावर. उद्या तुला ताप आला तर मी तरी येईन.

त्या कार्डावर जास्त विचार करू नकोस. जे लिहिलंय ते लिहिलंय.

रविवारी, १८ तारखेला घर बघायला जाऊ. सकाळी दहाला टिटवाळा स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेट.

तुझा,
देवरामदादा

*

डोंबिवली (पूर्व), २२ मे २०२५

ती. दादास,
सा. न.

घर बघून आल्यापासून तेच डोक्यात आहे. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, हे मला आवडलं. तू मात्र त्या राकेशला घर दाखवूच दिलं नाहीस. तूच भिंती ठोकून त्याला त्याच्या घराचे गुण सांगत होतास. तो बिचारा शेवटी म्हणाला, "काका, तुम्हीच विका."

मी विनीतला कळवलं. म्हटलं, मी टिटवाळ्याला घर घेतेय. तो म्हणाला, "बरं, आई." एवढंच. मी फोन कानाला धरून बसले, पुढे काही येईल म्हणून. आलं नाही. लहानपणीही त्याला लागलं की तो असाच गप्प बसायचा. आता हा गप्प बसला तो लागलं म्हणून की सुटलो म्हणून, हे आईला कळू नये का? मला कळलं नाही.

स्वीडलचा फोन नाही.

शाळेत निरोप झाला. एकाने माझ्यावर कविता केली होती, तीत माझं नाव "कळावती" पडलं. मी तिथल्या तिथे सुधारलं आणि सगळे हसले. मग घरी येऊन ते कार्ड पुन्हा काढलं. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण एका ओळीपुढे इतका वेळ कधी बसले नव्हते.

दादा, तुला सरळ विचारते. तू भाषेचा माणूस आहेस. तुझ्या एका शब्दावर माणसं कामावर जायची आणि एका शब्दावर माघारी फिरायची. "आम्ही तिघं मस्त राहू" याचा दुसरा काही अर्थ निघतो का? मी रागाच्या भरात वाचत असेन. तू शांतपणे वाच आणि सांग. तू म्हणशील ते मी मानेन.

राकेशला ८ जूनचा शब्द दिलाय. त्या दिवशी इसाराच्या कागदावर सही करायची आहे.

तुझी,
कलावती

*

मोहने, २६ मे २०२५

चि. कलावतीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे उकाडा फार आहे, नदीकाठी बसलं तरी वारा नाही.

तू कार्डाचा अर्थ विचारलास. शब्दांचे अर्थ लावत बसलं की आयुष्य निघून जातं. माणसाने माणसाकडे बघावं. बोलावणं असतं तर पोरगा "बरं" म्हणून थांबला असता का, एवढाच विचार कर.

८ तारीख चुकवू नकोस. त्या घरावर आणखी एकाचा डोळा आहे.

दोन-तीन दिवस डोकं जड आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

देवरामदादा

*

ठाणे (पश्चिम), २ जून २०२५

डियर देवराममामा,
नमस्कार.

मी स्वीडल, विनीतची वाइफ. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं विनीत बोलला म्हणून लेटर लिहिते. माझं मराठी लिहिणं थर्ड लँग्वेजवालं आहे, सॉरी. घरी मम्मी-पप्पा आमच्या बोलीत बोलायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. तेव्हा पप्पा ओरडायचे, आता कळतंय का ओरडायचे.

काल आईंचं रिटायरमेंट सेलिब्रेट करायला आम्ही डोंबिवलीला गेलेलो. केक नेलेला. आई सगळ्यांशी छान बोलल्या, फक्त माझ्याशी एकदम फॉर्मल. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलल्या, "तुम्ही तिघं सुखाने राहा." मी खाली येऊन विनीतला विचारलं, अरे, तिघं कोण? त्याला पण नाही कळलं. तो बोलला, "आई प्रेग्नन्सीबद्दल हिंट देतेय काय?" आम्ही पूर्ण रस्ताभर तोच विचार.

घरी आल्यावर मी त्याला माझ्या कार्डाचा फोटो दाखवला. त्याने कपाळाला हात लावला. बोलला, "अगं, 'आम्ही' म्हणजे समोरचा सोडून. समोरच्याला धरून असेल तर 'आपण'."

मामा, मला खरंच माहीत नव्हतं. हिंदीत हम, इंग्लिशमध्ये वी. "आपण" म्हणजे मला वाटायचं मोठ्यांना रिस्पेक्टने बोलतात तो शब्द. "आपण बसा", "आपलं नाव काय". मला वाटलं "आपण तिघं" लिहिलं तर "तुम्ही तिघं" असं होईल. म्हणून मी विचार करून "आम्ही तिघं" लिहिलं. तिघं म्हणजे मी, विनीत आणि आई. अजून कोण असणार? मम्मी तर ईस्टरच्या आधीच परत गेली. तिला उत्तनशिवाय झोप येत नाही. तिची खोली रिकामी झाल्यावरच तर मी कार्ड लिहिलं. त्या खोलीत आईंसाठी टेबल आणलंय, खिडकीजवळ लावलंय.

आणि विनीत "बरं" बोलला कारण त्याला वाटलं आईला आमच्याकडे यायचंच नाही. तो दोन दिवस नीट जेवला नाही. तुमच्या फॅमिलीत सगळे असेच आहेत काय? कुणी कुणाला विचारतच नाही!

विनीत लगेच फोन करणार होता, मी थांबवलं. आमच्या तोंडून ते सारवासारव वाटेल. काल आई बोलल्या की माझं कार्ड त्यांनी तुम्हाला लिहून कळवलं आणि तुमच्या सल्ल्यानेच टिटवाळ्याचं ठरवलं, तेव्हा मला त्याचा अर्थ नाही कळला. त्या तुमचं ऐकतात. प्लीज तुम्ही त्यांना सांगा. ठाण्याला या असं सांगू नका. टिटवाळ्याला जायचं असेल तर त्यांनी जावं, पण मी त्यांना बाहेर ठेवलं असं मनात ठेवून नको.

तुमची,
स्वीडल

*

मोहने, ७ जून २०२५

कलावती,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. टपालाने ते मंगळवारी पोचेल आणि तुझी सही उद्या आहे. मी स्वतः डोंबिवलीला येऊन ते दाराखालून सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही. तेवढं धैर्य माझ्यात नाही.

सोबत स्वीडलचं पत्र आहे. आधी ते वाच, मग पुढचं वाच.

वाचलंस? आता माझं ऐक.

मला माहीत होतं. खात्रीने नाही, पण तुझं पहिलं पत्र वाचतानाच मनात आलं होतं. माझी नात शिवानी कल्याणला असते, तुला ठाऊक आहे. ती रविवारी येते, माझं बोट धरते आणि म्हणते, "आजोबा, आम्ही बागेत जाऊया." मी तिला दर खेपेला सांगतो, आम्ही नाही गं, आपण. या पोरांच्या तोंडात एकच शब्द उरलाय आणि तो ती सगळ्यांना पुरवून वापरतात. म्हणजे स्वीडलने काय लिहिलं असेल हे ओळखायला मला पंडित व्हायची गरज नव्हती.

मी तुला ते लिहिलं नाही. पहिल्या वेळी स्वतःशीच म्हटलं, माझी खात्री कुठे आहे? पण तू सरळ विचारलंस, "तू म्हणशील ते मी मानेन" असं लिहिलंस, तेव्हाही मी उकाड्याबद्दल लिहिलं. डोकं जड असल्याचं लिहिलं, तेही खोटं. आणि त्या घरावर दुसऱ्या कुणाचा डोळा नाही.

का केलं? तत्त्वासाठी, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या घरात राहावं, हे माझं मत आहे आणि मरेपर्यंत राहील. पण त्यासाठी मी तुझ्या मुलाला तुझ्यासमोर दोषी ठरवलं. गेटवर व्यवस्थापन आमच्याशी असं वागलं असतं, त्यांनी कागद अर्धा वाचून दाखवला असता, तर मी त्यांची खुर्ची उलथवली असती.

खरं कारण लहान आहे. मोहन्यात आता माझ्याशी बोलणारं कुणी नाही. मला ऐकू येत नाही म्हणून लोक मान हलवून पुढे जातात. तू टिटवाळ्याला आलीस तर लिहायला, भांडायला कुणीतरी जवळ असेल. एवढंच कारण. ते पहिल्या पत्रात लिहिलं असतं तर कदाचित तू आलीही असतीस. मला मागता आलं नाही. मागण्या मांडण्यात जन्म गेला माझा, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या.

सही करू नकोस. आधी ठाण्याला जा.

देवराम

*

टिटवाळा (पूर्व), २ जुलै २०२५

ती. दादास,

वरचं गाव वाचून उड्या मारू नकोस. सगळं सांगते.

तुझं पाकीट दाराखालून आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. जिन्यात तुझ्या चपलांचा आवाज ओळखला. दार उघडलं नाही. बरं केलं. आत काय आहे हे ठाऊक नसतानाही, तू बेल न वाजवता जातोयस म्हणजे काहीतरी वाईट केलंयस, एवढं कळलं.

आठ तारखेला मी राकेशला कळवलं की पंधरा दिवस थांब, आणि बॅग घेऊन ठाण्याला गेले. दहा दिवस राहिले. खोली खरंच तयार होती. टेबल आहे, दिवा आहे, आणि मी डाव्या हाताने लिहिते हे लक्षात ठेवून दिवा उजवीकडे लावलाय. ते विनीतला सुचलं नव्हतं, तिला सुचलं. पहिल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "पोरी, मी तुझ्या एका शब्दाचा निकाल लावला आणि तुला विचारलंही नाही. वर्गात मी सगळ्यांना सांगायचे, कळलं नाही तर हात वर करा. माझा हात वर झाला नाही." ती रडली, मग हसली, मग म्हणाली, "आई, माझे किती मार्क कापणार?" विनीत दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, मला पण विचारायला हवं होतं." त्यांच्या इमारतीचे तेवीस माळे चढून आल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. एवढं बोलायला त्याला तेवढाच दम लागला असणार.

मग मी तिथे का राहिले नाही?

ते दोघं कामावर गेले की स्वयंपाकाच्या बाई यायच्या आणि विचारायच्या, "आजी, तुमच्यासाठी काय करू?" दादा, मला सांगता येईना. मी आठवायला लागले. माहेरी बाबांना आवडायचं ते शिजायचं, लग्नानंतर ह्यांना आवडायचं ते. पुढे विनीतचा डबा. हे गेल्यावर शाळेच्या घाईत जे पटकन होईल ते. एकटीने, निवांत, मला काय खावंसं वाटतं हे मला अठ्ठावन्न वर्षांत कळलेलं नाही! आणि ते कळून घ्यायला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून चालत नाही, ते घर कितीही प्रेमाचं असलं तरी. मी हे स्वीडलला सांगितलं. मला वाटलं होतं तिला राग येईल. ती म्हणाली, "मम्मी पण असंच बोलली. पण तिने कारण नाही सांगितलं, तुम्ही सांगितलं." सामान लावायला तीच आली होती. मोरी तुंबली होती, तर नळवाल्याला तिने हिंदीत असं फैलावर घेतलं की तो मला घाबरून "माताजी" म्हणायला लागला. शनिवार-रविवार मी ठाण्यालाच असेन. टेबल तिथेच ठेवलंय.

मेमधल्या रागातच मी इथे आले असते, तर हे घर माझी रुसून बसायची जागा झालं असतं. पोराचं नाव निघालं की दार लावून घेतलं असतं मी. आज त्याच घरात, त्याच खिडकीपाशी मी मजेत बसलेय. फरक फक्त तुझ्या सात तारखेच्या पत्राचा आहे. ते लिहिलंस म्हणून अजून तुला दादा म्हणतेय.

पण एक स्पष्ट सांगते. तुझं म्हणणं खरं होतं आणि तुझं वागणं खोटं होतं. खरं म्हणणं असलेल्या माणसाला खोटं वागायची काय गरज पडावी? आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? "मला एकटं वाटतं, तू जवळ ये", एवढं वाक्य तू पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर मी धावत आले असते. तू मला माझा स्वाभिमान शिकवत बसलास.

तेव्हा शिक्षा ऐक. श्रावण लागेपर्यंत या दारात पाऊल टाकायचं नाही. पत्रं लिही, मी उत्तरं देईन. भांडायचं असेल तर तेही पत्रातच.

२८ जुलैला श्रावणातला पहिला सोमवार आहे. संध्याकाळी सोमवार सोडायला ये. वाटाण्याची उसळ आणि भात करणार आहे. आत्तापर्यंत मला आवडतं असं एवढंच सापडलंय. विनीत आणि स्वीडल ऑफिसातून परस्पर येतील. तुझं पान मी तिच्या शेजारी मांडणार आहे. जेवायला बसण्याआधी तिची माफी मागायची. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, पण तिला मराठीची सवय कमी आहे. तेव्हा एका वाक्यात.

तुझी,
कलावती